निष्णात हात

रस्त्यावरून वाहने हाकणाऱ्या बहुसंख्य माणसांविषयी वैजयंता घोरपडे हिच्या मनात तिरस्कार होता, आणि तो लपवून ठेवण्याची सभ्यता तिने कधी दाखविली नाही. तिरस्काराला कारणे होती, आणि ती खोटी नव्हती. चाकाखालचे डांबर संपून खडी लागली हे ज्याला बसल्या जागी कळत नाही, जो वळणाच्या मध्यावर घाबरतो आणि घाबरला की अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, त्याने बैलगाडीतदेखील मागच्या बाजूस पाय सोडून बसावे, कासरा हाती घेऊ नये, असे तिचे स्पष्ट मत होते. अपघाताची बातमी कानी आली की ती रस्त्याविषयी विचारीत नसे, पावसाविषयी विचारीत नसे, गाडीविषयी तर नाहीच. हाकत कोण होता, एवढेच विचारी.

कोल्हापुरात वडिलांच्या गॅरेजात ती वाढली. शाळकरी वयात तिने शर्यतीच्या छोट्या गाड्यांवर हात बसविला, पुढे दक्षिणेतल्या धावपट्ट्यांवर नाव मिळविले, आणि मग देशाबाहेर जाऊन अशा पुरुषांना मागे टाकले, ज्यांनी तिला आरंभी कोणाची तरी बहीण समजून खुर्ची दिली होती. कोल्हापूरच्या मुलींच्या रीतीने ती स्वतःविषयी 'आलो, गेलो, जिंकलो' असेच बोले. पुण्याच्या सभ्य मंडळींना ते खटके, आणि त्यांना खटकते म्हणून ती ते अधिक ठसक्यात बोले. शर्यती संपल्यावर चाकणजवळच्या तुरग मोटर्स या कंपनीने तिला परीक्षक चालक म्हणून बोलावले. कंपनीला परीक्षक हवा होता की भित्तिपत्रकावर छापण्यासाठी चेहरा हवा होता, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही.

तुरगने तिच्याकडून जे घेतले त्याला कंपनीत 'हस्तमुद्रा' म्हणत. हा प्रकार समजावून घेण्याजोगा आहे. माणूस गाडी डोळ्यांनी चालवतो हा एक भाबडा समज. निष्णात चालक ती मुख्यतः कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाने आणि पाठीच्या कण्याने चालवतो. गाडीचा मागचा भाग केसभर सरकला की त्याची वर्दी मेंदूच्या जाणत्या भागाला पोहोचण्यापूर्वीच हाताच्या स्नायूंना पोहोचलेली असते. वैजयंतेच्या अंगात तलम तारांचा सदरा आणि कानामागे एक पट्टी घालून तुरगच्या अभियंत्यांनी दोन वर्षे या वर्दीची आणि हातांनी तिला दिलेल्या उत्तराची नोंद घेतली. त्या नोंदींवर एक यंत्र शिकविले. यंत्र शिकले आणि वैजयंतेसारखी गाडी चालवू लागले. नुसती तिच्यासारखी नव्हे. तिचाच हात तो, फक्त त्याच्यामागे वैजयंता नव्हती.

मग ज्यांना ऐपत होती त्यांनी तो हात गाडीसोबत विकत घेतला. 'वैजयंता चालवील, तुम्ही निवांत बसा', अशी जाहिरात होती. ज्यांनी आयुष्यात एक वळण धड घेतले नव्हते ते लोक मागच्या आसनावर लोळत तिच्या हाताने घाट उतरू लागले आणि खाली उतरून आपल्या गाडीची तारीफ करू लागले. वैजयंतेला याची किळस येई, परंतु ती किळस सुखाची होती. शिवाय नव्या गाड्यांची परीक्षाही आता हस्तमुद्राच घेई. ती थकत नसे, रजा मागत नसे. वैजयंता सही करी.

या स्त्रीचा नवरा दंतवैद्य होता. डॉक्टर सुधन्वा आगाशे तळेगावात दवाखाना चालवी. दाढेतली केसासारखी चीर तो सुईच्या टोकाने हुडकून काढी आणि गाडी मात्र अशी चालवी की, शेजारच्या सायकलवाल्यांना त्याची कीव यावी. चाळिशीत शिकलेली विद्या ती. वळण आले की तो श्वास रोखी, वळणाच्या मध्यावर घाबरे, आणि तापल्या तव्यावरून उचलावा तसा पाय उचली. वैजयंता हे पाहुण्यांना अभिनयासह करून दाखवी. पाहुणे हसत, डॉक्टरही हसे. त्याच्या हसण्यात राग नसे, हे तिला त्याचे आणखी एक न्यून वाटे.

त्या वर्षी तुरगने 'सुलभ' नावाची स्वस्त विजेची गाडी काढली. जे हस्तमुद्रेचा खर्च करू शकत नाहीत त्यांच्यासाठी ती होती. त्यांनी आपली आपणच चालवायची. बाजारात येण्यापूर्वी काही गाड्या कंपनीतल्या लोकांच्या घरी वापरायला दिल्या गेल्या, त्यांतली एक डॉक्टरच्या वाट्याला आली. एका दुपारी तो रिक्षाने घरी परतला. वाटेत एका वळणावर टँकरमधून पाणी सांडले होते, तिथे घाबरून त्याने पाय काढला, गाडीची शेपटी निसटली आणि ती गर्रकन फिरून ज्या दिशेने आली होती तिकडे तोंड करून उभी राहिली. त्याला खरचटलेदेखील नव्हते. त्याने जेवताना हे शांतपणे सांगितले आणि गाडीत काही दोष असावा असे सुचविले.

"दोष आहे," वैजयंता म्हणाली. "आत्ता वरण ओरपतोय तो."

तरीही दुसऱ्या दिवशी ती त्याच गाडीने त्याच वळणावर गेली. पाणी मारून घेतले, डॉक्टरच्या दुप्पट वेगाने गाडी आत घातली, पुन्हा पुन्हा घातली. गाडी रुळावरून जावी तशी गेली. घरी येऊन तिने निकाल सांगितला आणि पुढचे आठ दिवस जो भेटेल त्याला सांगितला.

त्यानंतर याकूब मुजावरच्या बायकोचा अपघात झाला. मुजावर कंपनीच्या रंगकाम विभागात फोरमन होता. वैजयंतेचे पहिले शिरस्त्राण त्यानेच रंगविले होते, आणि कंपनीत ज्यांच्याशी ती माणसासारखी बोले अशा थोड्यांपैकी तो एक होता. शमीम मुजावरचे खुब्याचे हाड मोडले. गाडी सुलभ, रस्ता ओला, वळण साधे. वैजयंता इस्पितळात गेली ती समाचाराला. परंतु सवयीने तिने विचारायचे ते विचारलेच: गाडी घसरण्याआधी नेमके काय केलेत?

"काय नाय ओ ताई," शमीम म्हणाली. "भ्याले. पाय काढला."

डॉक्टरनेही हेच सांगितले होते. दोन माणसे, ज्यांची एकमेकांशी भेट नाही, एकच वाक्य बोलतात तेव्हा त्या वाक्याकडे तुच्छतेने पाहणे शास्त्राला परवडत नाही. वैजयंता शास्त्रज्ञ नव्हती, पण मूर्खही नव्हती. ती कंपनीच्या परीक्षाभूमीवर गेली, ओल्या वळणात सुलभ घातली आणि मध्यावर पाय एकदम उचलायचा असे मनाशी ठरविले.

पाय उचलला गेला नाही. तो उतरला, जसा नेहमी उतरे तसा, मांजरीने पायरी उतरावी तसा. तिने दातओठ खाऊन दुसऱ्यांदा तो झटक्याने वर घेतला, तर तेवढ्यात हातांनी चाक वळवून ठेवलेले होते आणि गाडी सरळच राहिली. तिने हातांना बजावले, हातांनी ऐकले नाही. संध्याकाळपर्यंत तिने स्वतःशी हे भांडण केले. वाईट चालविणे तिला जमेना. मग नोंदींचे आलेख उघडून तिने पाहिले. प्रत्येक फेरीत गाडीची शेपटी सुटू पाहत होती, आणि सुटण्याच्या आत तिचा हात तिथे पोहोचलेला होता. हे तिला स्वतःला एकदाही जाणवले नव्हते.

आता यातले यंत्रविज्ञान. विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटर उलटे काम करू लागते. चाकांची गती खाऊन वीज बनवते, म्हणजेच ब्रेक लावते. सुलभमध्ये हा ब्रेक मागच्या चाकांवर येई. ओल्या वळणात मागच्या चाकांची सगळी पकड वळण्यातच खर्च झालेली असते. त्यात अचानक थांबण्याचीही मागणी आली की ती दोन्ही कामे सोडून देतात आणि घसरतात. हे जगाला ठाऊक आहे, म्हणून प्रत्येक गाडीत एक घसरण-रक्षक असतो. तो घसरण ओळखतो आणि मोटरला क्षणात आवरतो. सुलभमध्ये तो नव्हता. का नव्हता, तर परीक्षेच्या हजारो फेऱ्यांत तो एकदाही जागा झाला नव्हता. जो भाग कधी कामास येत नाही तो कशाला बसवा, असा विचार करून कंपनीतल्या विद्वानांनी तो काढून टाकला होता. तो जागा होत नव्हता, कारण त्याच्या आधी हस्तमुद्रा जागी होत होती.

शर्यतीचा चालक आणि परीक्षक चालक हे एकाच कुळातले दोन भाऊ, असे लोक मानतात. हा समज बाष्कळ आहे. पहिल्याचे काम गाडीतला दोष झाकून पुढे जाणे. दुसऱ्याचे काम तो उघडा पाडणे. तुरगने झाकणाऱ्याला उघडे पाडण्याच्या कामावर नेमले, त्याच्या हाताची नक्कल केली, आणि त्या नकलेने चार वर्षे जी गाडी समोर येईल तिला निर्दोष ठरविले.

परीक्षा विभागाचे संचालक नचिकेत सरदेशमुख यांनी हे सारे ऐकून घेतले. ते नेहमीच ऐकून घेत. त्यांचा सगळा उत्कर्ष ऐकून घेण्यावर झाला होता. सुलभ महिन्याभरात बाजारात यायची होती. त्यांनी प्रथम असे दाखवून दिले की गाडी खुद्द मॅडमच्या सहीने उत्तीर्ण झाली आहे. मग असे विचारले की दोन नवशिक्यांच्या किश्श्यांवर एवढी मोठी कंपनी चालवायची काय. वैजयंतेने सुचविले की एखाद्या यंत्राला झटक्याने पाय उचलायला शिकवा. त्यावर ते उत्तरले की, यंत्राला अडखळायला शिकविले तर ते अडखळणारच, त्यातून गाडीविषयी काही सिद्ध होत नाही. परवानाधारक माणूस, स्वाभाविक चालविणे, नोंदणीकृत चालक शेजारी, असा नियम आहे. तसे दाखवा, मी मानतो. आणि शेवटी, खिडकीबाहेर पाहत, त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली.

"विचार करा, मॅडम. सुलभ सदोष ठरली, तर ती पास करणारा हात सदोष ठरतो. मग चार वर्षांतल्या सगळ्या गाड्या पुन्हा तपासाव्या लागतील, आणि हस्तमुद्रेवर तुमचं नाव कोण ठेवील?"

"नावाचं मी बघतो," ती म्हणाली. "तुम्ही वळणावर पाणी मारून ठेवा."

घरी आल्यावर मात्र तिला स्वाभाविक चालविणारा माणूस कुठून आणावा ते सुचेना. परक्या माणसाला त्या वळणात पाठविण्याइतकी ती निर्दय नव्हती. मुजावर तयार झाला असता, परंतु त्याच्या घरात एक हाड मोडलेले होतेच. डॉक्टर हे सारे ऐकत बसला होता. त्याने चष्मा पुसला आणि आपण येतो असे सांगितले. तिने साफ नकार दिला. त्याला वेड लागले आहे, त्या वळणातून गाडी कुठे जाईल ते त्याला ठाऊक नाही, असे तिने सुनावले.

"वैजू, उगाच वाद घालू नकोस," डॉक्टर म्हणाला. "माझ्याइतकी वाईट गाडी चालवणारा तुझ्या ओळखीत दुसरा कोण आहे? पंधरा वर्षं तूच सांगतेयस."

जन्मभर वादात न हरलेल्या त्या स्त्रीला आपलेच पुरावे आपल्यासमोर मांडलेले पाहावे लागले.

परीक्षेच्या दिवशी सरदेशमुख आपल्या हाताखालच्या मंडळींसह सावलीत उभे होते. मुजावर रजा टाकून आला होता. नियमाप्रमाणे डॉक्टर चाकामागे आणि वैजयंता त्याच्या डावीकडे बसली. डॉक्टरने आसन पुढे घेतले, मागे घेतले, पुन्हा पुढे घेतले. सावलीत कोणीतरी हसले. गाडी निघाली, वेग आला, ओले वळण आले. डॉक्टरने श्वास रोखला, घाबरला, पाय काढला. शेपटी सुटली, आणि त्याच क्षणी वैजयंतेचा उजवा हात चाकावर होता. गाडी सुतासारखी सरळ बाहेर पडली.

सावलीतून टाळ्या आल्या. वैजयंता खाली उतरली आणि म्हणाली की ही फेरी धरू नका, चाक मी ओढले. ओढायचे मनात नव्हते, हात गेला. सरदेशमुखांनी मंद स्मित केले. नोंद गाडीची होते, हाताची होत नाही, असे ते म्हणाले; आणि ज्याला चालवता येत नाही अशा माणसाच्या हातीदेखील सुलभ किती स्थिर राहते याचे हे चित्रण जाहिरात विभागाला फार आवडेल, असेही म्हणाले.

वैजयंतेने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. आजवर ज्या तुच्छतेने ती दुसऱ्यांच्या हातांकडे पाहत आली होती तीच तुच्छता त्या दृष्टीत होती. या हाताने तिला मान दिला, घर दिले, नाव दिले, आणि आता तो तिच्या डोळ्यांदेखत खोटी साक्ष देऊन आला होता. ती गाडीपासून दूर राहू शकत नव्हती, नियम आड येत होता. ती आत बसली तर हात आत बसणार होता. मुजावर जवळच उभा होता. त्याच्या कमरेला माल बांधायचा कापडी पट्टा होता.

"याकूबभाई," ती म्हणाली, "माझे हात बांध."

मुजावरने आधी तिच्याकडे आणि मग डॉक्टरकडे पाहिले.

"मागं बांध. आणि घट्ट. हे हात भिकारचोट आहेत, गाठ सैल असली तर सोडवून घेतील."

सरदेशमुखांनी सुरक्षेचा मुद्दा काढला. तिने शांतपणे विचारले की शेजारच्या चालकाचे हात मोकळे असावेत असे नियमात कुठे लिहिले आहे. ते लिहिलेले नव्हते. शेजारी बसलेल्याचे हात शिवशिवतील हे कोणा नियम करणाऱ्याच्या स्वप्नातही आले नव्हते. मुजावरने पट्टा आवळला, तिला डावीकडे बसविले, छातीवरून आसनपट्टा ओढून लावला आणि दार हलकेच ओढून घेतले.

"काही सांगायचंय?" डॉक्टरने विचारले.

सांगण्यासारखे खूप होते. पाय हळू उतरव. चाक घट्ट धरू नको. पुढे पाहा, जवळ नको. यांतला एकही शब्द तिने उच्चारला असता तर तो हाताइतकाच खोटा ठरला असता, म्हणून तिने मान हलवून नाही म्हटले. गाडी निघाली. मागे खांद्यांतून तिचे हात पट्ट्याला हिसके देऊ लागले; तिने पाठ आसनाला दाबून त्यांना चिरडून धरले. वळण लागले. तिला डॉक्टरचा रोखलेला श्वास ऐकू आला. पाय निघण्यापूर्वीच कण्यातून वर्दी आली, स्पष्ट, शांत, नेहमीसारखी: मागचा डावा भाग, आता. मनगटे पट्ट्यात घुसली. कातडी निघाली. जीभ तिने दातांखाली धरली होती, तोंडात रक्ताची चव आली.

मग डॉक्टरने पाय काढला, आणि कोणीच काही केले नाही.

क्षितिज उजवीकडून डावीकडे वाहत गेले. सावलीतली माणसे एकदा दिसली, दोनदा दिसली. गाडी पाठीमागून टायरांच्या भिंतीत शिरली आणि थांबली. काही वेळ नुसते पाणी ठिबकत होते.

मुजावर आधी पोहोचला, सरदेशमुख त्याच्यामागून. डॉक्टर गळपट्टीचे हाड धरून बसला होता. ते मोडले आहे हे त्याने स्वतःच चाचपून ठरविले. सरदेशमुखांनी त्याला विचारले की तुम्ही नेमके केलेत तरी काय.

"काही नाही," डॉक्टर म्हणाला. "घाबरलो, पाय काढला. रोजच काढतो."

सरदेशमुखांनी स्वतःला सावरले आणि युक्तिवादाला हात घातला. अशा चालकांना प्रमाण मानून जगातली कोणतीच कंपनी गाड्या बनवू शकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वैजयंता तोवर मुजावरच्या आधाराने बाहेर आली होती. तिचे हात अजून बांधलेलेच होते. गाड्या अशाच चालकांना विकणार आहात, ती म्हणाली, नसाल तर दुकानाच्या दारावर तशी पाटी लावा. मग तिने हनुवटीने पलीकडे दाखविले.

"दुसरी सुलभ तिथं उभी आहे, साहेब. नवशिके नाही ना तुम्ही? चला, तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो. हात असेच राहू देत."

ती गेली आणि त्या दुसऱ्या गाडीच्या डाव्या आसनावर जाऊन बसली. दार उघडेच होते. सरदेशमुखांनी कित्येक वर्षांत चाक हाती धरले नव्हते. त्यांना घरून कंपनीत वैजयंतेचाच हात आणी आणि परत नेई. त्यांनी ओल्या वळणाकडे पाहिले, फाटलेल्या टायरांकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहून ते कोणत्याशा बैठकीविषयी बोलले. हाताखालच्या माणसांपैकी एकाने, ज्याचे नाव पुढे कोणाला आठवले नाही, नोंदीच्या यंत्रावर सुलभच्या नावापुढे 'अनुत्तीर्ण' असे भरले. सरदेशमुखांनी ते पाहिले आणि खोडण्यास सांगितले नाही.

इस्पितळात नेणारी कंपनीची गाडी आली. तिच्यात चालक नव्हता. ज्या हाताचे नाव आता पुसले जाणार होते तोच ती चालवीत होता. मुजावरने डॉक्टरला आत निजविले. वैजयंता त्याच्याजवळ बसली, मुजावर समोर बसला आणि गाडी निघाली. पहिल्या वळणावर ती अशी अलगद वळली की डॉक्टरच्या मोडक्या हाडाला कळलेदेखील नाही.

"चांगली चालवते," तो डोळे मिटून म्हणाला. "तुझ्यापेक्षा बरी. बोलत नाही."

वैजयंतेच्या ओठांवर उत्तर आले होते, आणि ते नेहमीसारखे धारदार होते. पुढचे वळण आले. मनगटे आपोआप वळू लागली, पट्ट्यात अडली, आणि गाडी त्यांच्यावाचून वळली. तिने ते उत्तर गिळले, मुजावरला पट्टा सोडायला सांगितले, आणि हात मोकळे झाल्यावर ते कुठे ठेवावेत हे न कळून शेवटी नवऱ्याच्या पायावर ठेवले.